धूर निळाच, पण सील गेलं की रिंग?

मोटरसायकलच्या सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." बरोबरच आहे, पण किती खोलायचं? व्हॉल्वच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारं व्हॉल्व सील कडक झालं असेल तर हेड उतरवून दोन रबरी टोप्या बदलल्या की भागतं. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील तर सिलिंडर काढून बोर (सिलिंडरचं आतलं भोक) आणि पिस्टनपर्यंत जावं लागतं. खर्चात मोठा फरक पडतो. लक्षणं मात्र सारखीच: ऑइल कमी होतं, प्लग काळा-ओला निघतो, धूर निळा येतो.

आधी ऑइल खरंच कमी होतंय का ते बघा. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक उजव्या कव्हरवर असते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑइल तिकडे जातं आणि काडी जवळजवळ कोरडी निघते. मग मालक घाबरून शंभर-दीडशे मिली ओततो. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात शिरतं आणि तिथून ओढलं जाऊन जळतं. धूर येतो, पण सील आणि रिंग दोन्ही धडधाकट असतात.

म्हणून सपाट जागी मेन स्टँड लावा. इंजिन ३ ते ५ मिनिटं आयडलवर चालवून बंद करा, २-३ मिनिटं थांबा. काडी पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि काढून बघा. हीरो-होंडाच्या गाड्यांत अशीच मोजतात. आटे आवळले तर काडी जास्त खोल जाते आणि पातळी वाढीव दिसते. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर तिच्या पुस्तकात दिलेली पद्धत धरा.

वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटर लिहून ठेवा. दर ५०० किमीला बघा आणि भर घालताना औषधाच्या मोठ्या सिरिंजने मोजून घाला. वहीत "१००० किमीला इतके मिली" असा आकडा आला की पुढचं बोलणं सोपं जातं. लहान गाडीत मुळात ऑइलच लिटरच्या आतबाहेर, त्यामुळे २०० मिली घटलं तरी ती मोठी घट. कार्ब्युरेटरच्या गाडीत एक फसवणूक होते: फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल थांबवणारी) गळत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी कमी व्हायच्या ऐवजी तशीच राहते, कधी वाढतेही. काडीचा वास घ्या.

आता मुख्य फरक. व्हॉल्व सील गाईडच्या, म्हणजे व्हॉल्वचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्या, तोंडावर बसलेलं असतं. उष्णतेने रबर कडक झालं की रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्वच्या दांड्यावरून थेंब-थेंब खाली झिरपतं. सकाळी पहिल्या किकला भसकन निळा ढग येतो आणि मिनिटाभरात विरतो. (थंडीतली पांढरी वाफ वेगळी, तिला जळक्या ऑइलचा वास नसतो.) रिंगेचा दोष असा विरत नाही. ती बोरच्या भिंतीवरचं ऑइल नीट खरवडत नाही, त्यामुळे जितका लोड, तितका धूर.

कसारा घाटात हे छान कळतं. कसाऱ्याहून इगतपुरीकडे, डबलसीट, तिसऱ्या गिअरमध्ये चढताना मागच्या गाडीवरच्या मित्राला सतत धूर दिसला तर संशय रिंगेवर. परतीला, इगतपुरीहून खाली उतरताना थ्रॉटल बंद असतो. इनटेकमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो गाईडमधून ऑइल ओढतो. खाली येऊन ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर एक झोत आला आणि थांबला, तर सील.

प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेजही (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावा. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत किक. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग-बोर झिजलेत. चढला नाही तर व्हॉल्व नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय. सीलचा कॉम्प्रेशनशी संबंधच नाही. पण इथे मेकॅनिकही फसतात: आकडा चांगला आला म्हणून रिंगा निर्दोष ठरल्या असं नाही. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटली असेल तर गेज उत्तम दाखवतं आणि गाडी धूर काढतच राहते. अशा वेळी घाटातल्या खुणेवर जास्त विश्वास ठेवावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची धूर शुद्ध करणारी जाळी, थोडंफार जळकं ऑइल पचवतं, त्यामुळे धूर उशिरा दिसतो आणि तोवर ऑइलमधल्या फॉस्फरसने कन्व्हर्टरच खराब व्हायला लागतं. तिथे काडी आणि वहीच कामाची.

सीलचं काम निघालं तर हेड खाली असतानाच व्हॉल्व गाईडमध्ये आडवा हलवून बघायला सांगा. खडखड लागली तर गाईडही बदला, नाहीतर नवं सील काही महिन्यांत पुन्हा गळेल. रिंगांचं निघालं तर जुनी रिंग बोरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे असेल तर ती गेलीच, पण बोर न मोजता नुसत्या नव्या रिंगा टाकू देऊ नका. अंडाकृती झालेल्या बोरमध्ये त्या बसतच नाहीत.