मावळ: घाटवाटा आणि त्यांचे धनी

पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं, की दक्षिणेला लोहगड-विसापूर दिसतात आणि उत्तरेला कार्ल्याचा डोंगर. मावळचा सगळ्यात जुना कागद म्हणावा तो त्या कार्ल्याच्या लेण्यात दगडावर कोरलेला आहे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं. पुढे सातवाहनांनी क्षहरातांना हरवलं आणि त्याच लेण्याला तेच गाव पुन्हा दान दिलं. राजा बदलला, दान तेच राहिलं. त्या दुसऱ्या लेखात या मुलखाचं नाव येतं ‘मामालाहार’. आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा, आणि मामाल म्हणजे आपलं मावळ. जवळजवळ दोन हजार वर्षं हे नाव टिकलंय. एवढं टिकलेली राजवट मात्र इथे एकही नाही.

राजांना इथे काय हवं होतं? शेती डोंगरउताराची, पीक बेताचं. हवे होते ते घाट. कोकणातल्या बंदरांवरचा माल देशावर चढायचा तो बोरघाटाने, नाहीतर जुन्नरजवळच्या नाणेघाटाने. लेणी, किल्ले आणि जकातीची ठाणी या वाटांच्या आजूबाजूलाच सापडतात.

राष्ट्रकूट कृष्ण पहिला याचा इ.स. 768 चा ताम्रपट तळेगावला मिळाला. त्यात पुण्याचा प्रदेश ‘पुणक विषय’ म्हणून येतो; विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत. त्यानंतर देवगिरीचे यादव आले. ते गेल्यावर मुहम्मद तुघलकाची फौज 1328 च्या सुमारास कोंढाण्याखाली, म्हणजे आजच्या सिंहगडाखाली, येऊन बसली. नागनायक या कोळी सरदाराने गड आठ महिने लढवला, आणि शिबंदीचं अन्नधान्य संपलं तेव्हाच तो खाली उतरला. दिल्लीच्या सैन्याला एका डोंगरासाठी आठ महिने लागले! बहमनींच्या पडत्या काळात मलिक अहमदने शिवनेरी घेतली, पाठोपाठ लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा हे गड घेतले आणि 1490 मध्ये निजामशाही उभी केली. 1636 मध्ये निजामशाही बुडाली, आणि तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला.

पण दिल्ली असो, बिदर असो, विजापूर असो, सुलतान खोऱ्यात क्वचितच उतरत. खोरी सांभाळत ते देशमुख: रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. शिवाजी महाराजांचं वेगळेपण मला इथे दिसतं. आधीच्या राजवटींनी मावळावर बाहेरून हुकूम चालवला. महाराजांनी राजधानीच मावळात, राजगडावर बांधली. 1659 मध्ये अफजलखान आला तेव्हा देशमुखांपुढे पेच होता, कारण खानाकडे न गेल्यास वतन जाणार होतं. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेध्यांनी मात्र महाराजांसमोर हातावर पाणी घेऊन वतनावर खरोखरच पाणी सोडलं. तो प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण याच महाराजांनी देशमुखांचे बुरूजबंद वाडे पाडायला लावले, हेही लक्षात ठेवायला हवं. खोऱ्यातल्या रयतेला जाच होता तो मुख्यतः त्याच वाड्यांचा.

पुरंदरच्या तहात, जून 1665 मध्ये, 23 किल्ले मोगलांना गेले आणि 12 महाराजांकडे उरले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, कोंढाणा हे सगळे गेले, पण राजगड आणि तोरणा राखले. 4 फेब्रुवारी 1670 ला कोंढाणा परत आला, तानाजी मालुसरे मात्र परतले नाहीत. औरंगजेबाने 1703-04 मध्ये कोंढाणा, राजगड, तोरणा जिंकून त्यांना नवी नावं दिली. त्यांपैकी एकही नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही.

पेशवाईत सत्ता पुण्यात आली आणि गडांची कोठारं-तुरुंग झाले. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला, तेव्हा लोहगड न लढताच पडला. विसापूरचे दरवाजे त्यांनी सुरुंगाने उडवले. त्या भग्न वाटेनेच आज आपण चढतो. घाटावरचा डोळा मात्र त्यांचाही तसाच होता: 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि 1863 मध्ये रेल्वे.

नंतर कंपन्यांची नजर पावसाकडे वळली. मुंबईला वीज देण्यासाठी मुळशीला धरण ठरलं, गावं पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, आणि एप्रिल 1921 मध्ये सेनापती बापटांच्या पाठीशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. धरण झालंच.