ॲलर्जिक दम्यावरील कार-टी पेशी उपचार

रुग्णाच्या टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांत जनुकीय बदल करून, दमा धुमसत ठेवणाऱ्या पेशी त्यांच्याकरवी मारण्याची प्रायोगिक पद्धत. कार म्हणजे टी-पेशीवर बसवलेला कृत्रिम ग्राही (पेशीवरचा, ठरावीक रेणू पकडणारा भाग), त्याने ती आपले लक्ष्य ओळखते. कार-टी हे तंत्र मूळचे रक्ताच्या कर्करोगासाठीचे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तीही कर्करोगासाठीच. दम्यासाठी असा उपचार अजून कुठेही मंजूर नाही.

इंटरल्युकिन ही पेशींमध्ये संदेश नेणारी प्रथिने. ॲलर्जिक दम्यात इंटरल्युकिन-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि टिकतात, इंटरल्युकिन-१३ मुळे चिकट कफ साचतो, तर इंटरल्युकिन-४ मुळे ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडे बनतात. यांना रोखणारी इंजेक्शने आहेत: मोठ्यांना मेपोलिझुमॅब दर चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम, ड्युपिलुमॅब दर दोन आठवड्यांनी. ती थांबवली की इओसिनोफिल पुन्हा वाढू लागतात, कारण अस्थिमज्जा ते रोज बनवतेच. कर्करोगाच्या पेशी संपल्या की काम झाले. इथे मारणाऱ्या पेशीला वर्षानुवर्षे पहारा द्यावा लागतो.

बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये उंदरांवर दाखवलेली रचना नेमकी याचसाठी आहे. इओसिनोफिल ओळखता यावा म्हणून टी-पेशीच्या पृष्ठभागावर खुद्द इंटरल्युकिन-५ बसवले. त्याचा ग्राही इओसिनोफिलवर असतोच. बीसीओआर आणि झेडसी३एच१२ए ही दोन जनुके निकामी केली, त्यामुळे पेशी थकत नाहीत. शिवाय त्या इंटरल्युकिन-४ चे बदललेले रूप स्रवतात. ते ग्राहीवर ठाण मांडते पण संदेश देत नाही, आणि ४ व १३ या दोघांचीही वाट अडते. पेशी एकदाच दिल्या, त्याही आधी केमोथेरपी न देता. कर्करोगात फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे देऊन नव्या पेशींसाठी आधी जागा करून घेतात. दम्याच्या रुग्णाला ते देणे कुणाला पटणार?

दुसरी वाट मारण्याची नाही, शमवण्याची. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी नियामक (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) टी-पेशींना कार बसवून त्या उंदरांच्या फुप्फुसांकडे वळवल्या आणि तिथली सूज उतरवली.

माणसासाठी पेशी बनवताना आधी ल्युकाफेरेसिस यंत्राने पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, मग टी-पेशी उद्दीपित करून सहसा विषाणूवाहकाने (जनुक पेशीत नेण्यासाठी बदललेल्या विषाणूने) नवे जनुक घालतात, संख्या वाढवतात, निर्जंतुकता तपासतात. यात काही आठवडे जातात.

खरी अडचण टिकाऊपणाचीच. इंजेक्शन बंद करता येते, पेशी परत काढता येत नाही. म्हणून औषध देऊन पेशी मारता येईल अशी जनुकीय कळ आधीच बसवावी लागेल. बीसीओआर काही रक्तकर्करोगांतही बिघडलेले आढळते, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही. इओसिनोफिल जंतांशीही लढतात, तेव्हा ते कायमचे घालवण्याआधी शौच तपासणी हवीच. ज्यांच्या दम्यात इओसिनोफिल वाढलेलेच नाहीत, त्यांना याचा उपयोग होण्याची शक्यता कमी.

आणि प्रयोगातल्या उंदराला दमा आपोआप होत नाही. अंड्यातले ओव्हाल्ब्युमिन किंवा धुळीतल्या किड्यांचा अर्क देऊन तो काही आठवड्यांत घडवतात. वीस वर्षे दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेची जाड झालेली भिंत त्या उंदरात नसते.