मरावंसं वाटणं आणि मरायचं ठरवणं

जगणं नकोसं होणं ही खालची पायरी आणि जीव द्यायला निघणं ही त्याच जिन्याची वरची पायरी, असं सर्रास धरलं जातं. दुःख वाढत गेलं की माणूस आपोआप वर पोचतो, असा तो हिशोब. हा हिशोब चुकतो आणि त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. मरणाचा विचार बोलून दाखवणाऱ्यावर घरचे घाबरून पहारा बसवतात, आणि गुपचूप तयारी करणाऱ्याला ‘आता सावरलाय’ म्हणून मोकळं सोडतात.

मरावंसं वाटण्याची कारणं वेदनेत असतात. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये त्यातल्या दोन भावना नेमक्या पकडल्या: ‘माझं कुणी नाही’ आणि ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’. हे कधीच बदलणार नाही अशी खात्री त्यांना जोडली गेली की मरण हा सुटकेचा मार्ग दिसू लागतो. दीर्घ आजार, कर्ज, तुटलेलं नातं, चारचौघांतला अपमान, महिनोन्‌महिने न लागणारी झोप ही सगळी या भावनांची खतं. डिप्रेशनही मुख्यतः इथेच काम करतं. विचार कुणाच्या मनात येईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण विचार येणाऱ्यांपैकी कृती कोण करेल, हे डिप्रेशन किती खोल आहे यावरून फारसं सांगता येत नाही. मरणाचे विचार येणारी बहुतेक माणसं कधीही प्रयत्न करत नाहीत.

कृतीकडे नेणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. आधीचा प्रयत्न हा त्यातला सर्वांत ठळक धोका. स्वतःला इजा करून घेण्याची सवय आणि मारहाणीत गेलेलं आयुष्य यांनीही वेदनेची भीती बोथट होते. शिवाय दारू, जिवाची तगमग, उतावळा स्वभाव आणि हाताशी असलेलं साधन. हिंसा आणि आत्महत्या एकमेकींना भेटतात त्या इथे. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या विघटनातून उरणारा एक पदार्थ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या काही रुग्णांत कमी आढळला होता. तोच पुढे १९८३ च्या एका अभ्यासात रागाच्या भरात हिंसा करणाऱ्यांमध्ये, थंड डोक्याने बेत आखून हिंसा करणाऱ्यांपेक्षा कमी दिसला. म्हणजे हा धागा दुःखापेक्षा आवेगाशी जोडलेला असावा. (यावरून कुणाची रक्ततपासणी करून धोका ठरवता येत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.)

आवेग ओसरतो, आणि हीच आशेची जागा आहे. २००९ च्या एका अभ्यासात प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी विचार आणि कृती यांत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेल्याचं सांगितलं. अमेरिकेत ऐनवेळी अडवलेल्या ५१५ जणांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. १९७८ मध्ये छापलेल्या त्या अहवालानुसार सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. ‘ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधतोच’ हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. तिथल्या लोकांची दुःखं काही त्या काळात निम्मी झाली नव्हती.

समोरचा माणूस कुठे उभा आहे हे कळायचं तर विचारावं लागतं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालं आहे. क्रम असा ठेवा: झोपावं आणि पुन्हा उठूच नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसा, हे मनात आलंय का? खरंच करायचं मनात आहे का, वेळ ठरवली आहे का? आणि शेवटी: याआधी कधी प्रयत्न किंवा तयारी केली होती का, आणि ती गेल्या तीन महिन्यांतली आहे का? उत्तर पहिल्या दोन प्रश्नांपुरतंच ‘हो’ असेल तर नीट ऐकून घ्या आणि काही दिवसांच्या आत डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची भेट ठरवा. इरादा, बेत किंवा अलीकडची तयारी निघाली तर माणसाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी आपत्कालीन विभागात न्या.

‘तसला काही विचार नाही ना तुझ्या मनात?’ असं मात्र विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच ठरलेलं असतं. ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ याने ओझं असल्याची भावना आणखी घट्ट होते. ‘वचन दे’ म्हणून घेतलेलं वचन संकटाच्या दहा मिनिटांत टिकत नाही. गुपित ठेवण्याचा शब्दही देऊ नका.

दोन गोष्टी वेगळ्या म्हणून उपायांचा वेगही वेगळा. एकटेपण कमी करणं, झोप सुधारणं, थेरपी, आनंद वाटेल अशा गोष्टी हळूहळू परत आणणं हे सगळं वेदनेवरचं काम आहे. ते आठवड्यां-महिन्यांत फळतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायलाही दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावं लागतं. आनंदाचा शोध कितीही खरा असला तरी आज रात्रीसाठी तो उशिराचा उपाय आहे. आज रात्रीसाठी लागते सुरक्षा योजना. ती शांत वेळी, त्या माणसाच्याच शब्दांत, एका कागदावर लिहायची: वादळ येतंय हे कोणत्या खुणांवरून कळतं, एकट्याने काय केलं की मन वळतं, कुठे आणि कुणाजवळ जाऊन बसता येईल, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे क्रमांक, आणि घरातून काय दूर ठेवायचं. शेवटचं काम कागदावर राहिलं तर उपयोग नाही. धोक्याचं साधन दुसऱ्या कुणीतरी, त्याच दिवशी, घराबाहेर नेऊन ठेवायचं. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात, तेव्हा ते साधन परत आणायची घाई करू नये.