जर्नलची वर्गणी ठरते कशी?

ग्रंथपाल व ग्रंथालय समितीच्या सदस्यांसाठी माहितीपत्रक

ऑक्टोबरात आमच्या वर्गणी एजन्सीची कोटेशनं पोचली की एक फोन हमखास येतो. "हेच जर्नल त्या दुसऱ्या कॉलेजला कमी पैशात मिळालंय, मग आम्हाला जास्त का?" प्रश्न रास्त आहे. परदेशी प्रकाशकाच्या ऑनलाइन जर्नलवर पुस्तकासारखी एकच किंमत छापलेली नसते. घेणारी संस्था कोण आणि केवढी, हे पाहून ती लावली जाते.

छापील अंकांच्या काळात मामला सोपा होता. व्यक्तीसाठी एक दर, संस्थेसाठी त्याहून बराच मोठा दर, आणि दोन्ही दरपत्रकात जाहीर. धक्का बसायचा तो डॉलरचा. जुलै १९९१मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ वर गेला आणि दरपत्रकात एक आकडाही न बदलता आपली बिलं फुगली. ही जोखीम आजही आहे. म्हणून आमच्या प्रत्येक बिलासोबत प्रकाशकाचा प्राइस प्रूफ (किमतीचा लेखी पुरावा) आणि त्या दिवसाचा बँकेचा विनिमय दर जोडलेला असतो. लेखापरीक्षणात हे दोन कागद लागतातच.

ऑनलाइन जर्नलसाठी बरेच प्रकाशक संस्थांच्या पायऱ्या पाडतात. विद्यार्थी-प्राध्यापक किती, पीएच.डी.चं संशोधन चालतं का, कॅम्पस एक की अनेक, यावर तुमची पायरी ठरते. इथे चूक सहज होते. जर्नल रसायनशास्त्राचं हवं असताना संख्या मात्र कला-वाणिज्यासकट सगळ्या कॉलेजची कळवली जाते. कोणती संख्या धरणार हे आधी विचारावं आणि तेवढीच, पण खरी, कळवावी.

खरी गुंतागुंत आहे ती एकत्रित संचात, ज्याला सगळे 'बिग डील' म्हणतात. १९९६च्या सुमारास अकॅडेमिक प्रेसने ब्रिटनमधल्या विद्यापीठांना आपली सगळी जर्नल्स एकाच करारात दिली आणि पुढे मोठ्या प्रकाशकांनी तोच मार्ग धरला. या संचांची किंमत बहुतेक वेळा अशी काढली गेली: ग्रंथालय छापील जर्नल्सवर आधीपासून जेवढा खर्च करत होतं तो पाया, त्यावर ऑनलाइनची थोडी भर, आणि दरवर्षी ठरलेली टक्केवारी वाढ. म्हणजे ज्याने पूर्वी हौसेने भरपूर जर्नल्स घेतली, तो पुढेही जास्तच देत राहिला. थिओडोर बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांचे करार तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्यांखाली मिळवले आणि २०१४मध्ये निष्कर्ष छापले. एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाच्या संचासाठी २००९मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन कॅम्पसने सुमारे १२.२ लाख डॉलर मोजले होते आणि साधारण तेवढ्याच विद्यार्थ्यांच्या मिशिगन विद्यापीठाने २१.६ लाख. एकाचा दर दुसऱ्याला कळत नव्हता, कारण अशा अनेक करारांत गोपनीयतेचं कलम असतं. आमच्या मते सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत हे कलम असूच नये.

स्पर्धेने किमती खाली का येत नाहीत? कारण एका जर्नलमधला लेख दुसऱ्यात नसतो. प्राध्यापकाला हवा तोच लेख हवा असतो, पैसे मात्र ग्रंथालय भरतं. लेख लिहिणारे आणि तपासणारे बहुतेक विनामोबदला काम करतात, ते वेगळंच. २०१२मध्ये हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या ग्रंथालय सल्लागार समितीनेही हा खर्च पेलवत नसल्याचं आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवलं होतं. काही जर्नल्सची वर्गणी तेव्हा वर्षाला ४०,००० डॉलरपर्यंत पोचली होती.

आता आपल्याकडचं. शासकीय संस्थांना केंद्राच्या खर्चाने जर्नल्स वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नल्स. आपली संस्था केंद्र किंवा राज्य शासनाची असेल, तर आमच्याकडे मागणी नोंदवण्याआधी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची यादी जरूर पाहा. त्यात असलेलं जर्नल आमच्याकडून पुन्हा विकत घेऊ नका. खासगी व्यवस्थापनाची कॉलेजं मात्र पहिल्या टप्प्यात नाहीत, आणि आमचे बहुतेक ग्राहक तेच. त्यांनी कॉलेजांना ई-जर्नल्स व ई-पुस्तकं पुरवणाऱ्या, इन्फ्लिबनेटच्याच एन-लिस्ट योजनेचं सभासदत्व तपासावं आणि तिथे नसलेल्या जर्नल्सपुरतीच स्वतंत्र वर्गणी भरावी.

नूतनीकरणाआधी वापराचा अहवाल मागा. ऑनलाइन वापर मोजण्याच्या 'काउंटर' या प्रमाणकानुसार तो प्रकाशकाकडून मिळतो. समजा, वर्गणी ९०,००० रुपये आणि वर्षात ४५ लेख डाउनलोड केले गेले, तर एक लेख २,००० रुपयांना पडला. एवढं गणित समितीपुढे ठेवलं की चर्चा भावनेवरून आकड्यावर येते. तरी आमची एक विनंती: विषयात दोनच संशोधक असले तर वापर कमी दिसणारच. निव्वळ आकड्यावर त्यांचं जर्नल तोडू नका, आधी त्यांच्याशी बोला.

करारात दोन गोष्टी जरूर पाहा. वर्गणी थांबवल्यावर, पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पुढे वाचता येणार का? छापील अंक कपाटात राहतो, ऑनलाइनचं दार बंद होऊ शकतं. दुसरं, वार्षिक वाढीला वरची मर्यादा लिहिली आहे का?

आणि आमच्याबद्दल. वर्गणी आगाऊ भरावी लागते, त्यामुळे मधल्या एजन्सीवर विश्वास टाकावा लागतो. सप्टेंबर २०१४मध्ये स्वेट्स ही नेदरलँड्सची जुनी, मोठी एजन्सी दिवाळखोरीत गेली आणि जगभरच्या ग्रंथालयांचे भरलेले पैसे अडकले. म्हणून आपली रक्कम प्रकाशकाकडे पोचल्याची पावती आम्ही स्वतःहून पाठवतो. पाठवली नाही, तर हक्काने मागा. आमचा सेवा आकार कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत असतो, जर्नलच्या किमतीत मिसळलेला नसतो.

पुढच्या वर्षाची यादी, विद्यार्थी-प्राध्यापक संख्या आणि कॅम्पसचे आयपी पत्ते (ज्यांवरून प्रकाशक तुमचं इंटरनेट ओळखतो) सप्टेंबरअखेर आमच्याकडे द्यावेत, म्हणजे १ जानेवारीला प्रवेश खंडित होणार नाही.