खाण तशी माती, पण किती टक्के?

अनेक देशांत बाळ जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याची टाच टोचून रक्ताचे चार-पाच थेंब जाड टिपकागदावर घेतात. ही पद्धत ज्या आजारासाठी सुरू झाली त्याचं नाव फेनिलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. आजार दुर्मीळ आहे. पण आनुवंशिकता की परिस्थिती, या जुन्या वादाची गाठ नेमकी कुठे बसली आहे ते पाहायला याच्याइतकं सोयीचं उदाहरण नाही.

माणसाच्या बाराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याच्या आराखड्यावरून यकृतात एक विकर (एन्झाइम) तयार होतं. प्रथिनांतून येणाऱ्या फेनिलअलानिन या अमिनो आम्लाचं टायरोसिनमध्ये रूपांतर करणं हे त्याचं काम. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तर हे काम अडतं आणि फेनिलअलानिन रक्तात साचत जातं. निरोगी माणसात त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण १०० मायक्रोमोलच्या आत असतं, तीव्र पीकेयूत ते १२०० च्या पुढे जातं. मेंदूत शिरायला बऱ्याच अमिनो आम्लांना मिळून एकच दार असतं. तिथे एकाचीच झुंबड उडाली की बाकीची बाहेर अडकतात. उपचार झाले नाहीत तर मुलाला तीव्र बौद्धिक अपंगत्व येतं. टायरोसिन कमी पडल्यामुळे केस आणि कातडी घरातल्या इतरांपेक्षा फिकट राहते, लघवीला कुबट वास येतो. नॉर्वेतले डॉक्टर आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी अशाच दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तेव्हा ती हिरवी झाली. तिथून १९३४ मध्ये आजाराचा उलगडा झाला.

तेव्हा कोणी विचारलं असतं, तर हा आजार शंभर टक्के रक्तातला, असंच उत्तर मिळालं असतं. १९५३ मध्ये बालरोगतज्ज्ञ हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी फेनिलअलानिन कमी असलेला आहार देऊन पाहिला आणि चित्र पालटलं. जनुक आहे तसंच बिघडलेलं, पण आहार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाला आणि पुढे नीट पाळला तर मूल इतरांसारखंच शिकतं, वाढतं.

हा आहार मात्र सोपा नाही. एक ग्रॅम प्रथिनात साधारण ५० मिलिग्रॅम फेनिलअलानिन असतं. तीव्र पीकेयू असलेल्या मुलाला दिवसाला बहुधा २५० ते ३५० मिलिग्रॅमच झेपतं. म्हणजे नैसर्गिक प्रथिनं पाच ते सात ग्रॅम, जवळपास एका पेलाभर दुधात असतात तेवढीच. बाकीची गरज फेनिलअलानिन वगळून बनवलेल्या खास पावडरीतून भागवायची. मग ते पूर्णच बंद का करू नये? कारण शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. फार कमी केलं तर वाढ खुंटते, अंगावर चट्टे उठतात. म्हणून रक्त वरचेवर तपासून पातळी १२० ते ३६० च्या दरम्यान ठेवावी लागते. टाचेच्या चाचणीतही एक खाच आहे: बाळाच्या पोटात पुरेसं दूध जाण्याआधीच रक्त घेतलं, तर पातळी चढलेली नसते आणि आजार निसटू शकतो.

आता सांगा, हा आजार जनुकाचा की अन्नाचा? टाळी वाजली, तर तिच्या आवाजात उजव्या हाताचे टक्के किती, असं कोणी विचारत नाही. तरीही ‘बुद्धिमत्ता इतके टक्के आनुवंशिक’ असे मथळे सतत येतात. आकडे खोटे नसतात, त्यांचा अर्थ भलताच लावला जातो.

हे आकडे बहुतेक वेळा जुळ्यांवरून येतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात, द्विबीज जुळी मात्र सरासरीने इतर भावंडांइतकीच, म्हणजे निम्मी सारखी. उंचीचं उदाहरण घेऊ. एकबीज जोड्यांतला सहसंबंध (दोघांची उंची किती जुळते याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९ आणि द्विबीज जोड्यांतला ०.५ धरला, तर फरक ०.४. हा फरक जनुकांच्या फक्त निम्म्या साम्यामुळे पडलेला, म्हणून त्याची दुप्पट केली की ०.८. हीच ती ८० टक्के आनुवंशिकता. उरलेल्या २० मधले १० टक्के दोघांना समान असलेल्या घराच्या खात्यावर. शेवटचे १० टक्के ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांचे. मोजमापातल्या चुकाही त्यातच जातात. २०१५ मध्ये जुळ्यांवरचे २,७४८ शोधनिबंध एकत्र करून १७,८०४ गुणधर्म तपासले गेले, त्यांची सरासरी निघाली ४९ टक्के.

या हिशेबाला गृहीतकांच्या कुबड्या लागतात. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना सारखंच वाढवलं जातं, हे त्यातलं मुख्य. जन्माआधीच त्याला थोडा तडा जातो, कारण एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जोड्या एकाच वारेवर वाढतात आणि द्विबीज जुळ्यांची वार वेगवेगळी असते. शिवाय नवरा-बायको एकमेकांसारखे असतील (शिक्षणाच्या बाबतीत ते बरेचदा असतात), तर द्विबीज भावंडांत निम्म्याहून जास्त साम्य येतं आणि आनुवंशिकता कमी भरते.

पण खरा घोटाळा अर्थ लावताना होतो. ८० टक्के याचा अर्थ तुमच्या १७० सेंटिमीटरपैकी १३६ जनुकांचे, असा मुळीच नाही. त्या काळातल्या, त्या समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमधल्या फरकाशी जुळतो, एवढंच हा आकडा सांगतो. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात. तरीही मोठ्यांमध्ये बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो तो बहुतांशी यंत्रात सापडून बोट तुटल्याचा, म्हणून तिची आनुवंशिकता शून्याजवळ येते! उलट उंचीची आनुवंशिकता भरपूर असूनही १८९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर उंच झाल्या. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. पोषण बदललं, बालपणातली आजारपणं कमी झाली.

वर्तनाकडे वळलं की गुंता आणखी वाढतो, कारण तिथे परिस्थितीही अंशतः जनुकांच्या मागोमाग येते. वाचनाची ओढ असलेले आई-वडील मुलाला जनुकंही देतात आणि पुस्तकांनी भरलेलं घरही. बडबड्या बाळाशी मोठी माणसं जास्त बोलतात. मोठं झाल्यावर तेच मूल आपल्याला मानवणारे मित्र आणि छंद निवडतं. बुद्धिमापन चाचणीतल्या गुणांची आनुवंशिकता बालपणापेक्षा तारुण्यात जास्त भरते. अनुभव साचत जाईल तसतशी ती घटेल असं वाटतं, घडतं उलटं. आपली परिस्थिती आपण निवडू लागतो, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

एखाद्या वर्तनासाठी एकच जनुक शोधण्याची हौसही विज्ञानाने पुरेपूर भागवून घेतली. २००३ मध्ये सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा एक प्रकार आणि आयुष्यातले आघात एकत्र आले की नैराश्य येतं, असं मांडलं गेलं आणि त्यावर शेकडो निबंध निघाले. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती वापरून अशी १८ गाजलेली जनुकं तपासली, तर ती इतर कोणत्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. सुरुवातीचे नमुने लहान होते, योगायोगालाच नियम समजलं गेलं. उंचीसारख्या साध्या मोजमापामागेही जनुकसंचातल्या १२,००० हून अधिक जागा सापडल्या आहेत. मग स्वभावाचं काय विचारता.

परिस्थितीच्या बाजूला किती मिळालं याइतकंच कधी मिळालं हेही मोजावं लागतं. म्हातारपणी आलेला मोतीबिंदू उशिरा काढला तरी बहुधा दिसू लागतं. जन्मतःच एका डोळ्यात असलेला मोतीबिंदू मात्र शक्यतो पहिल्या सहा आठवड्यांत काढावा लागतो, नाहीतर मेंदूतली दृष्टीची जोडणी दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात जाते. नंतर भिंग कितीही स्वच्छ झालं तरी डोळा मंदच राहतो. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. त्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती दोन्ही सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची जास्त.

पीकेयूची एक बाजू अजून सांगायची राहिली. लहानपणी आहार पाळून वाढलेली मुलगी मोठेपणी तो सोडून देते. तिचा मेंदू तोवर बराचसा घडलेला असतो, ठळक त्रास जाणवतोच असं नाही. मग तिला दिवस जातात. नवऱ्याच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर बाळाला पीकेयू होत नाही. पण तिच्या रक्तातलं चढलेलं फेनिलअलानिन वारेतून पलीकडे जातं, आणि बाळाच्या बाजूला ते तिच्यापेक्षाही जास्त भरतं. डोकं लहान राहतं, हृदयात दोष येतो, बुद्धीवर परिणाम होतो. आईच्या दृष्टीने कारण आनुवंशिक, बाळाच्या दृष्टीने ती निव्वळ परिस्थिती. म्हणूनच अशा स्त्रीला मूल हवं असेल तर पातळी ३६० च्या आत दिवस जाण्याआधीच आणावी लागते. हृदयाची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच उरकते आणि त्यातले निदान चार आठवडे पाळी चुकल्याचं कळण्यातच जातात.