मिठाच्या टंचाईतून आलेलं आंबट : ग्वेइचौच्या म्याओ-दोंग गावांतलं स्वानथांग

नैऋत्य चीनमधल्या ग्वेइचौला समुद्र नाही. मिंग राजवटीने 1413 मध्ये हा वेगळा प्रांत केला, तेव्हाही मीठ मुख्यतः शेजारच्या सिचुआनमधल्या खारट विहिरींवरून यायचं. नदी नेईल तिथवर होडीने आणि पुढे हमालांच्या पाठीवर. डोंगरातल्या म्याओ आणि दोंग या जमातींच्या वस्त्यांपर्यंत पोचताना ते फार महाग व्हायचं. इथल्या जेवणाला आंबटाने, म्हणजे स्वानथांग या आंबवलेल्या रश्शाने, चव आली ती या अडचणीतून. काइली भागात आजही म्हणतात, तीन दिवस आंबट पोटात गेलं नाही तर चालताना झोकांड्या जातात.

जुनं स्वानथांग पांढरं. तांदळाचं दुसरं धुवण उकळायचं, कोमट झालं की मागच्या खेपेचं विरजण घालायचं आणि झाकून उबेला 2-3 दिवस ठेवायचं. धुवण गरम असताना विरजण पडलं तर ते मरतं आणि पाणी आंबण्याऐवजी कुजतं. यात मिठाचा कणही लागत नाही, आणि हीच त्याची खरी किंमत.

मिरची नंतर आली. 1720च्या सुमाराच्या, ग्वेइचौतल्याच स्झचौ भागाच्या स्थानिक बखरीत म्याओ लोक ती मिठाऐवजी वापरतात अशी नोंद आहे. मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे अमेरिकेतले, त्यामुळे पर्यटकांच्या फोटोंत दिसणारं लाल स्वानथांग पांढऱ्यापेक्षा बरंच अलीकडचं. शिवाय त्याला मीठ लागतं : 1 किलो छोट्या आंबट टोमॅटोंना साधारण 200 ग्रॅम ताजी लाल मिरची, आलं-लसूण, 50 ग्रॅम मीठ, थोडी चिकट तांदळाची पिठी आणि तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कडक दारूचा शिपका. बरणीच्या तोंडाभोवती पन्हळ असते. तिच्यात पाणी भरून वर झाकण पालथं घालतात. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. हे पाणी आटलं किंवा तेलकट डाव बुडवला, की पांढरी साय धरते. मुरायला पंधरवडा ते महिना लागतो.

या रश्शात शिजवायचा मासा भातखाचरातला. त्सोंगच्यांग भागातल्या दोंग शेतकऱ्यांची भात, मासे आणि बदकं एकाच खाचरात वाढवण्याची पद्धत 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य केली. म्याओंच्या जुन्या रीतीने माशाचं फक्त पित्त काढतात आणि बाकी अख्खा मासा शिजवतात. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं भांडं कडू. शेवटी मूच्यांगत्स नावाच्या रानफळाचं तेल 2-3 थेंब. त्यात गवती चहातलाच सिट्रल हा सुगंधी घटक असतो, तो उकळीत उडून जातो. म्हणून आधी घालू नये.

डिसेंबर 2014 मध्ये प्रांताची राजधानी ग्वेइयांग ते ग्वांगचौ ही वेगवान रेल्वे सुरू झाली. रोंगच्यांग आणि त्सोंगच्यांग ही तिच्यावरची स्थानकं. आता प्रवासी सहज पोचतात, पण मुरलेलं आंबट प्रत्येक ताटात पोचतंच असं नाही, कुठे व्हिनेगरवरच भागवलेलं असतं. व्हिनेगरचा आंबटपणा नाकात चढतो, मुरलेला जिभेच्या कडांवर रेंगाळतो. मासे मागवण्याआधी नुसता रस वाटीभर मागून चाखावा.

म्याओ गावाच्या वेशीवर पाहुण्याला शिंगातून भाताची दारू देतात. हात मागे ठेवून ओठ टेकवायचे, एक घोट पुरतो. शिंगाला हात लावला की अख्खं शिंग आपण संपवणार असं धरतात.