दारापर्यंत आलेली सोय: दुकान, गॅरेज आणि चार्जर

दूध दहा मिनिटांत घरी येतं, सर्व्हिसिंगसाठी गाडी न्यायला माणूस दारात येतो, विजेवरची मोटार मॉलमधली खरेदी उरकेपर्यंत बरीचशी चार्ज होते. याचं सगळं श्रेय आपण मोबाइलला देतो. पण त्याआधी कायदे बदलले होते, गाडीचं यंत्र बदललं होतं, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

घरपोच सामान आपल्याकडे जुनंच. वाण्याकडे यादी टाकायची, पोऱ्या पिशव्या आणून द्यायचा, हिशेब वहीत आणि पगार झाला की चुकता. १९४८ मध्ये मुंबईच्या कामगारवस्तीत, नायगावला, सहकारी तत्त्वावर अपना बाजार सुरू झाला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधले; महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र यायचा आणि सभासदच तो वाटून घ्यायचे. रास्त भाव आणि चोख माल मिळायचा, त्यासाठी प्रत्येकाला थोडं राबावं लागायचं. मला ही व्यवस्था आजही फार मोलाची वाटते. २००२ मध्ये पवईत डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं, तोवर ट्रॉली ढकलत स्वतः माल निवडायची सवय शहरांना लागू लागली होती.

दुकानांच्या वेळा मात्र १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने बांधलेल्या होत्या. २०१७ च्या नव्या कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवून. दुचाकीवरून पार्सल पोचवणारी मुलं या चौकटीबाहेरच राहिली. ‘गिग कामगार’, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, ही व्याख्या केंद्राच्या कायद्यात आली ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. आपल्या दहा मिनिटांचा भार त्यांच्यावर पडतो, म्हणून हा विषय बाजूला टाकता येत नाही.

गॅरेजमध्ये बदल घडवला तो यंत्राने. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचं, झाकण काढून त्यातले सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासायचा, गॅप लावायचा, मग इंजिन चालू ठेवून पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकत फिरवायचा. मालक शेजारी उभा असायचा, कारण कोणता पार्ट बदलायचा आणि किती पैसे द्यायचे हे तिथेच ठरायचं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि अधिकृत वर्कशॉपचं जाळं पसरत गेलं. कामं लिहून घेणारं जॉबकार्ड, ठरलेले दर, छापील बिल ही पद्धत रुळली. पुढे कार्बोरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं आणि बिघाडाचा कोड स्कॅनर वाचून दाखवू लागला. एस्टिमेट फोटोसह फोनवर येऊ लागलं, २०१६ नंतर यूपीआयने पैसेही घरबसल्या देता येऊ लागले. मालकाने तिथे थांबायचं कारणच उरलं नाही, आणि घरून गाडी नेणं-आणणं सोपं झालं ते त्यामुळे.

विजेच्या गाडीची अडचण वेगळी होती. बंगळुरूची रेवा ही विजेवरची छोटी मोटार २००१ मध्ये रस्त्यावर आली. ती घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची. बाहेर चार्जिंग विकायचं म्हटलं की २००३ चा वीज कायदा आडवा येई, कारण वीज विकायला परवाना लागतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. इतक्या छोट्या खुलाशाने हॉटेल, मॉल, पेट्रोल पंप अशा कुणालाही चार्जर बसवायची वाट मोकळी झाली. त्याच डिसेंबरच्या मार्गदर्शक सूचनांनी शहरात ३ किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावं, असं उद्दिष्ट ठेवलं. जानेवारी २०२० मध्ये टाटांची विजेवरची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ही नियमांची चौकट तयार होती.

पेट्रोल पाच मिनिटांत भरून होतं, फास्ट चार्जरवरही बराच वेळ जातो. म्हणून चार्जर गेला तो माणसं एरवीही थांबतात तिथे, फूडमॉलला आणि मॉलच्या पार्किंगमध्ये. अशी खरेदी आणि चार्जिंग एकाच ठिकाणी आली. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर, प्लग, क्लच नाही. मुख्यतः टायर, सस्पेन्शन, ब्रेक, कूलंट पाहायचं. नाक्यावरच्या गॅरेजचं नेहमीचं काम त्यात घटतं, आणि हाय व्होल्टेजच्या नारंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावता येत नाही. ते प्रशिक्षण या मिस्त्रींपर्यंत पोचवणं तातडीचं आहे.

घरच्या चार्जरचा प्रश्न जुन्या सोसायट्यांत अडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींत, म्हणजे बांधकामाच्या नमुना नियमांत, २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी, अशी तरतूद केली, पण ती नव्या बांधकामांसाठी. जुन्या इमारतीत विजेचा मंजूर भार वाढवायचा, मीटररूमपासून पार्किंगपर्यंत केबल ओढायची, खर्च कुणी करायचा, यातलं बरंच अजून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरतं.